साखळीशिवायची भूमिती

मामा आणि भाची ही दोघं मी या लेखापुरती घडवलेली माणसं आहेत. मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूमापक. उमेदीची सगळी वर्षं शंकू-साखळी, प्लेन टेबल आणि बांधाच्या भांडणांत गेलेली. भाची कॉलेजात गणित शिकवते. दोघांमधला वाद तेवढा मी घडवलेला नाही, तो जुना आहे. लांबी, कोन आणि क्षेत्रफळ काढून घेतलं, तर भूमिती म्हणून काही शिल्लक राहतं का? प्रक्षेपी भूमिती ही गणिताची शाखा म्हणते, राहतं. मामांच्या मते हे नांगर विकून शेती करण्यासारखं आहे. निमित्त झालं एका जुन्या गट नकाशाच्या फोटोचं.

मामा: हे बघ, मोबाइलनं काय केलंय. नकाशा टेबलावर ठेवून मी जरा तिरका फोटो काढला. कागद चांगला आयताकृती, फोटोत आला वेडावाकडा. जवळची कड लांब, पलीकडची आखूड. ॲपनं चार कोपऱ्यांवर चार ठिपके लावले, मी बटण दाबलं आणि कागद परत सरळ! लांब्या बदलल्या, कोन बदलले. आमच्या खात्यात कुणी नकाशा असा ओढूनताणून सरळ केला असता, तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला असता.

भाची: काय बदललं ते सांगितलंत. काय नाही बदललं?

मामा: राहिलंय काय बदलायचं?

भाची: बांधाच्या रेषा तिरक्या फोटोतही सरळच होत्या आणि नंतरही सरळच आहेत. ज्या दगडावर तीन बांध मिळत होते, तिथे अजून तीनच मिळतात. एका ओळीतले दगड ओळीतून हललेले नाहीत. एका ठिकाणी डोळा ठेवायचा आणि एका प्रतलावरचं चित्र दुसऱ्या प्रतलावर उतरवायचं, याला प्रक्षेप म्हणतात. कॅमेरा तेच करतो, दिव्याची सावलीही तेच करते. असे कितीही प्रक्षेप झाले तरी जे टिकून राहतं, तेवढ्याचाच विचार ही भूमिती करते.

मामा: आणि ॲपला चारच कोपरे का लागले? आम्हाला एक गट मोजायला किती दगड शोधावे लागायचे!

भाची: कारण चार पुरतात. कोणतेही तीन एका रेषेत नाहीत असे चार बिंदू कुठून कुठे गेले हे ठरलं, की बाकी प्रत्येक बिंदूची जागा आपोआप ठरते. तीन बिंदूंवर भागत नाही, आणि पाचवा स्वतःच्या मर्जीनं ठेवता येत नाही. बरं, या तिरक्या फोटोत मूळ कागदाचा मध्य कुठे आहे, दाखवा बघू.

(मामांनी पट्टी घेतली आणि दोन्ही उभ्या कडा निम्म्या केल्या. सवयीचा हात होता, आणि उत्तर चुकलं. भाचीनं पट्टीवरच्या आकड्यांकडे बघितलंही नाही. समोरासमोरचे कोपरे जोडून दोन कर्ण काढले आणि ते जिथे छेदतात तिथे टिंब दिलं. कर्ण फोटोतही कर्णच राहतात आणि छेदबिंदू छेदबिंदूच राहतो. मध्य असा पकडला की लांबी विचारावीच लागत नाही.)

मामा: ठीक आहे, ही युक्ती झाली. पण कुंपणाचं घे. सारख्या अंतरावर खांब रोवलेत, सरळ ओळीत. फोटोत पहिल्यापासून दुसरा 6 सेंटिमीटरवर, तिसरा 9 वर. चौथा फोटोत आलाच नाही. तो कुठे असता? मी म्हणतो, आधी 6, मग 3, म्हणजे आता दीड. साडेदहावर.

भाची: 10.8 वर. फोटोत अंतरं टिकत नाहीत, अंतरांची गुणोत्तरंही टिकत नाहीत. पण गुणोत्तरांचं गुणोत्तर टिकतं. जमिनीवर बघा. पहिला ते तिसरा भागिले दुसरा ते तिसरा, म्हणजे 2 भागिले 1, आले 2. पहिला ते चौथा भागिले दुसरा ते चौथा, म्हणजे 3 भागिले 2, आले दीड. आता 2 ला दीडनं भागा, चार तृतीयांश. आम्ही वर्गात याला क्रॉस रेशो म्हणतो. कोणत्याही कोनातून फोटो काढा, हे चार तृतीयांश हलत नाही. फोटोत पहिला भागाकार 9 भागिले 3, म्हणजे 3. दुसरा सव्वादोन यायला हवा, आणि त्यासाठी चौथा खांब 10.8 वरच असावा लागतो. 10.8 भागिले 4.8, करून बघा.

मामा: (कागदावर भागाकार करून) सव्वादोन. बरोबर आहे. पण बाई, शेवटी पट्टी लावलीसच की! लांबी नको म्हणत होतीस, आणि टिकणारी गोष्ट कोणती सांगितलीस? लांब्यांनीच बनवलेली.

मला विचाराल तर ही हरकत नेमक्या जागी लागते. प्रक्षेपी भूमितीवाल्यांनाही ती बरीच वर्षं डाचत होती. 1847 साली जर्मनीत फोन श्टाउट यांनी आकडे नसलेल्या नुसत्या पट्टीनं, बिंदू जोडत आणि छेद घेत, हा सगळा डोलारा लांबीचं नावही न घेता उभा केला. भाचीनं मघाशी कर्णांनी जो मध्य काढला, तो त्याच रीतीचा छोटा नमुना होता.

मामा: असेल. पण खांब सारख्या अंतरावर आहेत हे तुला कुणी सांगितलं? मी. आणि मला ते साखळीनं कळलं.

भाची: मान्य. त्याशिवाय 10.8 काढताच आलं नसतं. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननं होते, तिथेही जमिनीवर ज्यांची जागा आधीच पक्की मोजलेली आहे असे बिंदू लागतातच. फक्त एक सांगते. मोजणी अजिबात न करता फोटोतून किती कळतं आणि मोजणीवाचून कुठे अडतं, ही हद्द आधी कायम करावी लागते. ती हद्द ही भूमिती कायम करते.

मामा: हद्द कायम करणं माझं काम होतं. असो. पण कुंपण तसंच पुढे नेलं तर?

भाची: पाचवा खांब 12 वर, दहावा साधारण 14.7 वर, शंभरावा 17.6 वर. तुमच्या निम्म्या-निम्म्याच्या हिशेबानं 12 कधीच ओलांडलं गेलं नसतं, इथे पाचवाच तिथे पोचला. पण खऱ्या चित्रालाही एक शेवट आहे. कितीही खांब रोवा, 18 च्या अलीकडेच राहतील.

मामा: आणि 18 वर काय आहे?

भाची: कागदावर बघाल तर 18 हा साधा बिंदू. बोट ठेवता येतं. शेजारचं समांतर कुंपण फोटोत असेल तर तेही तिथेच येऊन मिळेल. जमिनीवर मात्र त्याला जोडीदार नाही. म्हणून आम्ही जमिनीलाच तो बिंदू बहाल करतो. प्रत्येक दिशेला एक अनंतस्थ बिंदू, त्या दिशेच्या सगळ्या समांतर रेषा त्याच्यातून जातात. अशा सगळ्या दिशांचे बिंदू मिळून एक अनंतस्थ रेषा होते. चित्रात आपण तिला क्षितिज म्हणतो.

मामा: नसलेला दगड नकाशात दाखवायचा! शेतावर पाऊल न ठेवता घरी बसून नकाशा रंगवणाऱ्याला आमच्यात काय म्हणत, ते तुझ्यासमोर नाही सांगत. आणि दिशेला एकच बिंदू का? बांधाला दोन टोकं असतात. पूर्वेला एक, पश्चिमेला एक.

भाची: दोन धरले तर दोन समांतर रेषा दोन ठिकाणी भेटल्या असत्या. दोन रेषांचा एकच छेदबिंदू हा नियम मोडला असता. म्हणून दोन्ही टोकांना तोच बिंदू. रेषा पूर्वेकडून जाते आणि पश्चिमेकडून परत येते.

मामा: मग संपलंच! दोन दगडांच्या मधली जागा कुणाची, यावर कोर्टात पिढ्या गेल्यात. तुझ्या रेषेवर 'मधली' म्हणजे कुठली? इकडून गेलं तरी मधली, तिकडून गेलं तरी मधलीच.

भाची: खरं आहे. 'मध्ये' हा शब्द इथे चालत नाही. लांबी गेली, कोन गेला, समांतरपण गेलं, आणि 'मध्ये'ही गेलं. त्या बदल्यात काय मिळालं ते बघा. शाळेत आपण काय शिकतो? दोन बिंदूंतून एक रेषा जाते. आणि दोन रेषा एका बिंदूत छेदतात, पण समांतर असल्या तर नाही. तो 'पण' आता गेला.

मामा: 'पण' असा हुकूम काढून जात नाही.

भाची: हिशेब करून घालवू. x अधिक y बरोबर 1, आणि x अधिक y बरोबर 2. या दोन समांतर रेषा. शाळेत म्हणतो, उत्तर नाही. आता प्रत्येक बिंदूला दोनऐवजी तीन आकडे देऊ. (2, 3) ला (2, 3, 1) लिहू. तिन्ही आकड्यांना एकाच संख्येनं गुणलं तरी बिंदू तोच, म्हणजे (4, 6, 2) हाही तोच. रेषांची समीकरणं होतात x अधिक y बरोबर z, आणि x अधिक y बरोबर 2z. वजाबाकी करा.

मामा: z शून्य.

भाची: आणि y म्हणजे उणे x. उत्तर (1, −1, 0). (2, −2, 0) म्हणालात तरी तोच बिंदू, म्हणून उत्तर एकच. तिसरा आकडा शून्य असला की समजायचं, हा दगड शेतात सापडणार नाही, ही दिशा आहे.

मामा: हिशेब जुळला. पण हिशेब जुळणं वेगळं आणि जागेवर दगड असणं वेगळं.

मामांचं हे म्हणणं खोडायचं कारण मला दिसत नाही. तो बिंदू कुठेतरी दूर खरोखर आहे, असा दावा कुणी गणिती करत नाही. त्याला इतर बिंदूंच्या पंगतीला बसवलं तर नियम स्वच्छ होतात, एवढंच म्हणणं आहे. चित्रकारांनी तो आधीच वापरात आणला होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की यांनी यथादर्शनाचे प्रयोग केले आणि 1435 मध्ये आल्बेर्ती यांनी चित्रकलेवरच्या पुस्तकात त्याची रीत लिहून काढली. फरशीच्या समांतर रेषा चित्रात एका बिंदूकडे धावतात, हे तेव्हापासून कारागिरांना ठाऊक आहे. त्या बिंदूला भूमितीत रीतसर जागा दिली ती फ्रान्समधल्या लियों गावच्या जिरार देझार्ग यांनी, 1639 साली.

मामा: हा देझार्ग प्राध्यापक असणार.

भाची: इंजिनिअर आणि वास्तुरचनाकार. पाथरवटांनी दगड कसा कापावा यावर त्यानं लिहिलंय. शंकुच्छेदांवरच्या त्याच्या पुस्तकाच्या जेमतेम 50 प्रती छापल्या होत्या. त्यातही संज्ञा झाडाच्या, म्हणजे खोड, गाठ, फांदी. वाचणाऱ्यांना काही उलगडेना. नीट उचललं ते पोरसवदा पास्कलनं, 1640 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी. मग देकार्तच्या बीजगणिती भूमितीचा जमाना आला आणि देझार्ग विसरला गेला. ला हीर नावाच्या गणितज्ञानं 1679 मध्ये हातानं उतरवून घेतलेली प्रत 1845 साली मिशेल शाल यांना सापडली, तेव्हा कुठे पुस्तकात काय होतं ते परत कळलं.

मामा: आणि मधल्या काळात?

भाची: मधे पोन्सले. हाही इंजिनिअर, पण लष्करातला. 1812 मध्ये नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीत पकडला गेला आणि व्होल्गाकाठच्या सारातोवला कैदेत पडला. जवळ पुस्तक नाही. शिकलेलं आठवून आठवून भूमिती मांडत बसला. 1814 मध्ये सुटला आणि 1822 मध्ये त्याचा ग्रंथ आला. प्रक्षेपी भूमिती स्वतःच्या पायावर उभी राहिली ती तिथून.

मामा: दोघंही साइटवरची माणसं. म्हणजे आमच्यातलेच बिघडले!

(इथे भाचीनं कंपासपेटीतला गुण्या काढून खिडकीतल्या उन्हात, टेबलावर तिरका धरला. आता देझार्गचा सिद्धांत.)

भाची: हा त्रिकोण आणि ही त्याची टेबलावरची सावली. गुण्याची एक बाजू मनातल्या मनात टेबलापर्यंत वाढवा. तिच्या सावलीची बाजूही वाढवा. दोन्ही टेबलावर एका ठिकाणी भेटतात. तिन्ही बाजूंचं असंच करा. तीन बिंदू मिळाले. ते कसे असतील?

मामा: गुण्याचं प्रतल खाली टेबलाला ज्या रेषेत कापेल, त्या रेषेवर. बाजू त्या प्रतलातून बाहेर जाणार कशी? हे उघडच आहे.

भाची: तुम्ही आत्ता देझार्गचा सिद्धांत सिद्ध केलात. दोन त्रिकोणांचे शिरोबिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा एका बिंदूतून जात असतील, तर जोडीजोडीच्या बाजूंचे तीन छेदबिंदू एका रेषेत येतात. दोन्ही त्रिकोण एकाच कागदावर काढले तरी खरं. आता सांगा, इथे त्या तिन्ही रेषा कोणत्या बिंदूतून जातात?

मामा: सूर्यातून. पण सूर्याचे किरण तर समांतर धरतो आपण. म्हणजे तुझा तो अनंतस्थ.

भाची: संध्याकाळी बल्ब लावला तर तोच बिंदू खोलीत येतो. सिद्धांत तोच राहतो. आणि गुण्याची एक बाजू टेबलाला समांतर धरली तर तिची सावलीही तिला समांतर पडते, दोघी अनंतावर भेटतात. तरी सिद्धांत तोच. युक्लिडच्या पद्धतीनं लिहायचं तर या प्रत्येक प्रसंगाला वेगळं कलम लागलं असतं.

मामा: हे बरं आहे. कायद्याची कलमं कमी झाली की मोजणीदाराचं आयुष्य वाढतं.

भाची: आणखी एक फायदा फुकट मिळतो. दोन बिंदूंची एक रेषा, दोन रेषांचा एक बिंदू. आता दोन्ही वाक्यं बिनशर्त आहेत. म्हणून कुठल्याही सिद्धांतात 'बिंदू' आणि 'रेषा' यांची अदलाबदल करा, 'एका रेषेत' असेल तिथे 'एका बिंदूतून' म्हणा. नवा सिद्धांत तयार, आणि तो सिद्ध करायची गरज नाही.

मामा: दगडाला बांध म्हणायचं आणि बांधाला दगड? आणि खरं निघतं?

भाची: पास्कलचं उदाहरण घ्या. वर्तुळावर, किंवा कुठल्याही शंकुच्छेदावर, सहा बिंदू घेऊन षटकोन करा. समोरासमोरच्या बाजू वाढवा. तीन छेदबिंदू एका रेषेत येतात. हे 1640 चं. आता उलटवा. सहा बिंदूंऐवजी सहा स्पर्शिका, त्यांनी बनलेल्या षटकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडा, तीन रेषा एका बिंदूतून जातात. हे ब्रियांशोननं 1806 मध्ये दाखवलं. मधे 166 वर्षं गेली. अदलाबदलीचा नियम हाताशी असता तर एका दुपारचं काम होतं. तो नियम नीट मांडला गेल्यावर पोन्सले आणि जेर्गोन यांच्यात, आधी कुणाचा, यावर छापील भांडण झालं ते वेगळंच.

(शंकुच्छेदांबद्दल भाची पुढेही बोलत राहिली, मी आटोपतं घेतो. लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त ही या भूमितीत एकाच वर्तुळाची वेगवेगळी प्रक्षेपणं आहेत. अनंतस्थ रेषेला जो शिवत नाही तो लंबवर्तुळ, जो नुसता स्पर्श करतो तो अन्वस्त, जो तिला दोन ठिकाणी छेदतो तो अपास्त.)

मामा: सगळं ऐकलं. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. जिथे मोजायला काहीच नाही, तिथे माझ्यासारख्यानं करायचं काय?

भाची: लांबी मोजता येत नाही, पण बिंदू तर मोजता येतात! सगळ्यात लहान प्रक्षेपी प्रतलात फक्त 7 बिंदू आणि 7 रेषा असतात. प्रत्येक रेषेवर 3 बिंदू, प्रत्येक बिंदूतून 3 रेषा. कोणत्याही दोन बिंदूंतून बरोबर एक रेषा जाते, कोणत्याही दोन रेषा बरोबर एका बिंदूत भेटतात. फानो या इटालियन गणितज्ञाच्या नावानं ते ओळखलं जातं. याला क्रम 2 चं प्रतल म्हणतात. क्रम n असेल तर रेषेवर n अधिक 1 बिंदू, आणि एकूण बिंदू n चा वर्ग अधिक n अधिक 1. क्रम 4 असेल तर 21.

मामा: याचा शेताशी संबंध लावून दाखव, मग मानतो.

भाची: लावते. चार खतांची चाचणी घ्यायचीय, सोळा वाफे आहेत. शेत एका बाजूला कसदार, दुसरीकडे हलकं. म्हणून प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक खत एकदाच यावं. याला लॅटिन चौरस म्हणतात. आता चार वाणही घ्या, त्यांचाही तसाच चौरस करा, आणि प्रत्येक खताची प्रत्येक वाणाशी गाठ नेमकी एकदाच पडू द्या. n ओळींचे, एकमेकांशी असे जुळणारे चौरस n पेक्षा एकानं कमी, एवढे मिळाले, तर त्यातून क्रम n चं प्रक्षेपी प्रतल तयार होतं. उलटही खरं. हे राजचंद्र बोस यांनी 1938 मध्ये दाखवलं.

मामा: आणि सगळ्या आकड्यांना असे चौरस मिळतात?

भाची: तिथेच गंमत आहे. 6 ला जोडीसुद्धा मिळत नाही. ऑयलरनं 1782 मध्ये अंदाज बांधला की 6, 10, 14, 18 अशा कुठल्याच आकड्याला मिळणार नाही. पावणेदोनशे वर्षं तो टिकला. 1959 मध्ये बोस, पार्कर आणि आपले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी तो मोडला. 2 आणि 6 सोडले तर सगळीकडे जोडी मिळते. न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी पहिल्या पानावर छापली होती. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते, 2020 मध्ये गेले, वयाची शंभरी ओलांडून.

मामा: मग 10 चं प्रतल मिळालं म्हण की. 111 बिंदू.

भाची: जोडी मिळाली. प्रतलाला नऊ चौरस लागतात. असं प्रतल नाहीच, हे 1989 मध्ये कॅनडात क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपरकॉम्प्युटरकडून सगळ्या शक्यता तपासून घेऊन ठरवलं.

मामा: म्हणजे शेवटी मोजदादच करावी लागली. बरं, 11 ला?

भाची: 11 ला आहे. मूळ संख्या आणि त्यांचे घात यांना नेहमी मिळतं. 2, 3, 4, 5, 7, 8, 9, 11.

मामा: आणि 12?

भाची: 12 ला 157 बिंदू लागतील. असं प्रतल आहे की नाही, हे अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.